नोंद क्रमांक अकराशे अठ्ठ्याहत्तर

हळद लावलेल्या अक्षतेचा एक दाणा कीबोर्डच्या दोन कळांमध्ये जाऊन बसला होता, आणि नखानं उकरायला गेलं की आणखीच आत सरकत होता... कुणाच्या तरी पत्रिकेतून सांडलेला. ज्यांचं जमतं ते पेढे-पत्रिका घेऊन मंडळात येतात आणि अक्षता सांडायच्या तर अंगदच्याच टेबलावर सांडतात. सांडा बाबांनो. साइट आजही चाळीस सेकंदांनी उघडत होती.

जालन्यात मस्तगडला कापडदुकानाच्या माडीवर समाजाच्या वधू-वर मंडळाची ही एवढीशी खोली. साइट अंगदनंच नऊ वर्षांपूर्वी बांधलेली, त्यामुळे ती रखडली की बोलणीही त्यालाच. अध्यक्ष रामराव सकाळीच जिना चढून, धापा टाकत आले.

"अंगदराव, मुलीवाले कटाळून राह्यले. धा सेकंद पाहतेत अन् निघून जातेत. जल्दी काही तरी करा."

"करून राह्यलो ना, काका."

काय करून राह्यलो, कपाळ? सर्व्हरची मेमरी वाढवून झाली, यादीला इंडेक्स लावून झाला, यंत्र दोनदा बंद करून चालू करून झालं. रोग साधा होता. कुणाचंही पान उघडा, सर्व्हर आधी सगळ्या नोंदी वरपासून खालपर्यंत चाळून जोड्या जुळवतो आणि मग ते पान दाखवतो — आणि नोंदी बारा हजार, त्यात मुली सातशे. बाकी सगळे गुडघ्याला बाशिंग बांधून उभे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार... पण हे रामरावांना कोण सांगणार?

रामरावांनी उपाय आणलाच होता. "पस्तिशीच्या पुढचे, तीन वर्षांत ज्यांना एक फोन न्हाई, ते काढून टाका. त्यांचं आता काय होनार हाये?" म्हणताना त्यांनी अंगदकडे पाहिलं नाही. विसरले असतील, किंवा विसरले नसतील.

ते खाली चहाला गेले आणि अंगदनं कुणाकुणाला पुसायचं त्याची अट लिहिली. पुसण्याआधी यादी बघायची ही त्याची सवय. तीन हजार बारा नावं आली, आणि वरून तिसरं... नोंद क्रमांक अकराशे अठ्ठ्याहत्तर. वय अडतीस, बी.सी.ए., मूळ गाव केदारखेडा. फोटोतला तो मात्र अजून एकोणतीसचाच, नवा शर्ट घालून हसत असलेला. बराच मोठा फोटो, वरून खाली हळूहळू उतरणारा — फोटो लहान करून चढवायची अक्कल तेव्हा नव्हती, अक्कल सोडून बाकी सगळी आशा होती. दुसऱ्यांची लग्नं जुळवणारी साइट बांधतोय, आपलं तर चुटकीसरशी होईल, असं वाटायचं. गाढवा.

मग, उगाच, त्यानं सर्व्हरची लॉग फाइल, म्हणजे कोणतं पान कधी उघडलं गेलं त्याची वही, उघडून आपला क्रमांक शोधला. कुणी कधीच पाहिलं नसेल, एकदा डोळ्यांनी बघून मोकळं व्हावं... पण तिथं ओळीच ओळी होत्या. रोज पहाटे पावणेसहाला, आठ महिने, एकही दिवस न चुकता, कुणीतरी त्याचं पान उघडत होतं. आणि पूर्ण चाळीस सेकंद थांबत होतं. मुलीवाले दहा सेकंद थांबत नाहीत हो! माझ्यासाठी कोण थांबतं चाळीस सेकंद? भोकरदनची एखादी शिक्षिका असेल, शाळेत जायच्या आधी बघत असेल, बोलायचा धीर होत नसेल... घटस्फोटित असेल, असू दे, दोन मुलं असतील, असू देत, मला चालेल, मला सगळं चालेल. रिकाम्या खोलीत अंगदनं शर्टाची कॉलर नीट केली.

आणि मग त्याच ओळीच्या शेवटी त्यानं फोनचं मॉडेल वाचलं.

जुन्या जालन्यातून दिवाळीला त्यानं आईला घेऊन दिलेला, तोच. तसले फोन लाखोंनी असतील, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. मग फोन लावला.

"आई, सकाळी माझा फोटो पाह्यती का तू?"

"शेजारच्या मीनानं शिकवलं. बोट ठेवलं की येतो तू. जल्दी न्हाई येत. आधी केस येतेत, मंग कपाळ, मंग डोळे... तवर चहा उकळतो."

"आई, ते पोरीवाल्यांसाठी असतंय."

"पोरीवाले पाहतील तवा पाहतील. तू दिवाळीला आल्ता, तवापसून आलाच न्हाईस."

गावात पाय ठेवला की ओट्याओट्यावरून 'मंग, लाडू कवा?', आणि आई तेवढी विचारत नाही. तेच जास्त लागतं, म्हणून जाणं टाळलं. त्यानं नुसतं "जेवलीस का?" विचारलं आणि फोन ठेवला.

अटीत त्यानं तीन शब्द वाढवले — अकराशे अठ्ठ्याहत्तर सोडून. मग यादीतला दुसरा एक क्रमांक लॉगमध्ये शोधला. आठवड्यातून दोनदा, दुपारी, पूर्ण चाळीस सेकंद. आणखी एक... रोज संध्याकाळी दिवेलागणीला. फोन कोणते, ते त्यानं वाचलं नाही. आपल्यापुरते वाढवलेले ते तीन शब्द पुसून टाकले, पुन्हा लिहिले, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"झालं का हो, अंगदराव?" खालून रामराव.

"करून राह्यलो."

आपलं आता काही होणार नाही, हे त्याला कळलं होतं. रडू येत नव्हतं, एवढंच. आपल्याला कुणी पाहावं असंही आता वाटत नव्हतं. उद्या पावणेसहाला ते पान उघडावं, आणि — नऊ वर्षांत पहिल्यांदाच — फार लवकर उघडू नये, असं वाटत होतं. आधी केस यावेत, मग कपाळ... तोवर तिचा चहा उकळेल.