जैन गल्लीतला क्लिकांचा पैरा

गुणमाला मगदूमची वेबसाइट आहे, हे आष्ट्याच्या जैन गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती कशासाठी आहे, हे मात्र एकट्या गुणमालाला ठाऊक होतं. तिला देवळाच्या स्पीकरवरून स्वतःचं नाव ऐकायचं होतं.

दरवर्षी अनंत चतुर्दशीला देवळात आरतीचा सवाल निघायचा. सवाल म्हणजे बोली. जो चढ बोलेल त्याला आरतीचा मान, आणि त्याचं नाव स्पीकरवरून गावभर. मगदूमांच्या घराने हा मान अनेकदा घेतला होता आणि दर वेळी पुकारा एकच व्हायचा, "श्रीमान शांतिनाथ भूपाल मगदूम, सहकुटुंब!" लग्न झाल्यापासून गुणमाला या 'सहकुटुंबा'त होती. वाती ती वळायची, तबक ती धरायची. पण पैसे नवऱ्याच्या खताच्या दुकानातून यायचे आणि ज्याचे पैसे त्याचं नाव, असा देवळाचा शिरस्ता होता. शिरस्त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. एकदा पैसे आपले आणायचे, एवढंच तिने ठरवलं होतं.

तिच्याजवळ विकण्यासारखी वस्तू एकच होती, ती म्हणजे हाताची चव. लेक दीपाली साताऱ्याला दिली होती. तिथे घरी बसून ती लोकांच्या वेबसाइटी बनवायची. तिने आईलाही एक बनवून दिली. कांदा-लसणाशिवायचा स्वयंपाक, चातुर्मासात चालणारा. गुणमाला दुपारी पाटावर बसून मोबाइलवर बोटाने लिहायची. प्रत्येक पदार्थाची सुरुवात ती शपथेवर सांगितल्यासारखी करायची : 'यात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, गाजर नाही.'

वाचणारे वाढले तशी दीपालीने साइटवर जाहिराती जोडल्या.

"आई, पानावर जे लिहिलंय ते मशीन वाचतं आणि त्याला शोभेल अशी जाहिरात शेजारी लावतं. कुणी जाहिरातीवर बोट ठेवलं की जाहिरातवाल्याचे पैसे जातात, त्यातले काही आपल्याला येतात. पण भांडं भरल्याशिवाय कंपनी पैसे पाठवत नाही."

"दूध डेअरीसारखं म्हण की."

"तसंच. आणि एक ध्यानात ठेव. तू स्वतः बोट ठेवायचं नाही. घरातल्या कुणीही नाही. ती चोरी धरतात."

"डेअरीच्या दुधात आपणच पाणी घालायचं न्हाई," गुणमाला म्हणाली. "कळलं."

दुसऱ्या दिवशी तिने साइट उघडली. 'चातुर्मासातली आमटी' या पानाच्या उजव्या अंगाला लालभडक पाकीट झळकत होतं : 'रानझटका कांदा-लसूण मसाला! लसणाचा खरा ठसका!' खाली सोललेल्या लसणाचा ढीग होता आणि ढिगाला लागून तिची शपथ.

तिने साताऱ्याला फोन लावला. "दीपे, हे काय आणून बसवलंस माझ्या आमटीशेजारी?"

दीपालीने बघितलं आणि तिला हसू आवरेना. "अगं, तू प्रत्येक पानावर कांदा-लसूण, कांदा-लसूण लिहितेस ना. मशीनला कांदा कळतो, लसूण कळतो. 'नाही' कळत नाही."

"म्हंजे तुझ्या वडलांसारखं. त्यांनाबी माझं 'न्हाई' कवा ऐकू आलंय?"

शांतिनाथ आतल्या खोलीत दुकानाची बिलं लावत होता. तिथूनच तो म्हणाला, "मला ऐकू येतंय हां सगळं."

दीपालीने मसाल्याच्या जाहिराती बंद केल्या. त्यासरशी कमाईही बंद झाली. दोडका, मूग आणि हिंग यांची जाहिरात द्यायला कुणी पुढे येईना. आठवडाभर पान कोरं राहिलं आणि शांतिनाथ येता-जाता विचारू लागला, "काय म्हणती डेअरी?" आठव्या दिवशी गुणमालाने विचार केला. आपण लसूण खात नाही, विकत नाही. रस्त्याकडेच्या रानात कुणी बोर्ड उभा केला म्हणून रानातला ऊस बाटत नाही. तिने लेकीला मसाला परत चालू करायला सांगितला.

भांडं भरू लागलं, पण थेंबाथेंबाने. श्रावण निम्मा सरला तेव्हा ते तीन हिस्से भरलं होतं आणि अनंत चतुर्दशी महिन्यावर आली होती. आणि त्यातच तिच्या तोंडून गोष्ट निघून गेली. देवळाच्या ओसरीवर बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. कुणीतरी यंदाच्या सवालाचा विषय काढला.

"यंदा आरतीचा सवाल मी घेणार," गुणमाला म्हणाली. "माझ्या पैशानं."

सुपातले हात थांबले. गल्लीत वयाने सगळ्यांत मोठ्या असलेल्या सुंदरीकाकींनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुझ्या म्हंजे?"

मग तिला सगळं सांगावं लागलं. भांडं, बोट, जाहिरात, सगळं. शेवटी दीपालीने घातलेला नियमही तिने सांगितला, की मी बोट ठेवायचं नाही आणि माझ्या घरच्यांनी ठेवायचं नाही.

काकींनी सगळं नीट ऐकून घेतलं. "आमी तुझ्या घरच्या न्हवं न्हवं?"

"न्हाई."

"मग झालं की. पैरा करूया."

जैन गल्लीत पैरा कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. आज हिच्या घरी सगळ्यांनी मिळून पापड लाटायचे, उद्या तिच्या घरी. मजुरी कुणी मागायची नाही आणि पाळी कुणी चुकवायची नाही. गुणमाला प्रत्येकीच्या दारी पापड-सांडगे करून आली होती, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू वळून आली होती. तिचा पैरा गल्लीवर होता.

तरी एक शंका निघालीच. आवटींच्या धाकट्या सुनेने विचारलं, "काकी, चातुर्मास हाय. लसणावर बोट ठेवलं तर नेम मोडतो काय?"

काकींनी फोन उन्हाकडे धरून लसणाच्या ढिगाकडे निरखून पाहिलं. "काचंवरनं लागत न्हाई," त्यांनी निकाल दिला. "पण बोट ठेवल्यावर हात धुवून जेवायला बसायचं."

त्या दिवसापासून संध्याकाळच्या जेवणाआधी, दिवस मावळायच्या आत, गल्लीतली प्रत्येक बाई 'चातुर्मासातली आमटी' उघडायची, लसणावर बोट ठेवायची आणि हात धुवायची. काही जणी सासूचं, जावेचं, सासरी गेलेल्या नणंदेच्या वाटचं बोटही मोजून ठेवायच्या. सुंदरीकाकींना अर्धवट काम आवडायचं नाही. जाहिरातीतून पलीकडे गेल्यावर 'मोफत नमुना पाकीट हवे? नाव-पत्ता भरा' असं यायचं. त्यांनी आपलं नाव भरलं. मग बाकीच्या बायका कामचुकार आहेत हे लक्षात घेऊन अख्ख्या गल्लीची नावं घर नंबरासकट भरून टाकली.

भांडं भराभर भरलं. गुणमालाला यातलं काही विपरीत वाटलं नाही. श्रावण आहे, लोक वाचत असतील, थोडा बायकांचा हातभार, असं ती धरून चालली.

भांडं काठाला आलं आणि दीपालीचा फोन आला. ती हसत नव्हती. "आई, कंपनीने तुझं खातं बंद केलंय."

"बंद म्हंजे?"

"कायमचं. जमलेलं सगळं गेलं. म्हणतात, एकाच गावातून, रोज मावळतीच्या सुमाराला, एकाच जाहिरातीवर क्लिक होतायत. तू बोट ठेवलंस?"

"मी न्हाई. वडलांनी न्हाई."

"मग कुणी?"

गुणमालाने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "पैरा केला बायकांनी."

पलीकडे दीपालीने कपाळावर हात मारल्याचा आवाज साताऱ्याहून आष्ट्यात ऐकू आला. तिने कंपनीला विनंती लिहिली. त्यात पैरा म्हणजे काय हे समजावायला तिला एक परिच्छेद लागला. उत्तर एका ओळीत आलं. नाही. मशीनला आपलं स्वतःचं 'नाही' मात्र चांगलं कळत होतं.

संध्याकाळी ताटावर शांतिनाथने विषय काढला नाही, तेच गुणमालाला जास्त लागलं. शेवटी तो म्हणाला, "सवालाचं पैसं दुकानातनं घे. पुकारणाऱ्याला सांगतो तुझं नाव घ्यायला."

"नको."

"अगं, नाव तुझंच..."

"न्हाई म्हटलं न्हवं?"

या खेपेला त्याला ऐकू आलं.

चार दिवसांनी सकाळी गल्लीत आधी वास आला. मग टेम्पो आला. देवळाच्या चौकात तो थांबला आणि त्यातून तांबडा शर्ट घातलेला एक गोल माणूस उतरला. टेम्पोवर लसणाचा तोच ढीग रंगवलेला होता. माणसाच्या हातात कागद होता.

"सुंदरी आदगोंडा चौगुले कोण?" त्याने पुकारलं.

"मीच," काकी पदर नाकाला लावून म्हणाल्या. "पण ते तिथंच लांब धर गड्या."

"आवं आजी, तुमचा नमुना आणलाय! मी बाळासो. रानझटका मसाला आपलाच. कोरेगावास्नं आलोय." त्याने हात पसरून गल्लीला नमस्कार केला. "उभ्या सातारा-सांगलीत आमच्या जाहिरातीला आष्ट्याएवढं गिऱ्हाईक कुठं न्हाई बघा! कराड मागं, सातारा मागं! म्हटलं, टपालानं काय पाठवायचं, अख्खा टेम्पोच न्यावा. आष्टा लय लसूण खातंय!"

बाळासोने वर पाहिलं. देवळाचं शिखर. मग भोवती पाहिलं. पंधरा बायका, पंधरा पदर, पंधरा नाकं.

"तुमी..." तो चाचरला, "तुमी लसूण..."

"न्हाई खात," काकी म्हणाल्या.

"मग बोट का ठेवलं?"

"गुणमालासाठी."

बाळासोला गुणमालाच्या दारात नेण्यात आलं. टेम्पो गल्लीबाहेर वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावायला लावला. तिने सगळं सांगितलं, काही न लपवता. ऐकताना बाळासो हळूहळू पायरीवर बसला.

"म्हंजे मी उगंच चार तास टेम्पो हाकला."

"चुकलं आमचं," गुणमाला म्हणाली. "पण दारात आलाय तर उपाशी जाऊ नका."

तिने भाकरी आणि मुगाची आमटी वाढली. बाळासोने पहिला घास घेतला, थांबला, दुसरा घेतला. मग वाटी उचलून डोळ्यांजवळ नेली.

"वैनी, लसूण कितीक घातलाय?"

"न्हाई घातला."

"कांदा?"

"न्हाई."

"मसाल्याच्या धंद्यात जन्म गेला माझा. मला फसवता व्हय?"

ओसरीवरून काकी खेकसल्या, "तुझ्या मशीनसारखाच हायस की रं! न्हाई म्हंजे न्हाई!"

गुणमालाने डबा पुढे केला. धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, हिंग, ब्याडगी मिरची. सगळं वेगवेगळं भाजून कुटलेलं. बाळासोने चिमूट जिभेवर ठेवली आणि लगेच दुसरी घेतली. मग त्याने धंद्याची गोष्ट काढली. श्रावण लागला की त्याचा मिरची कुटायचा डंक बंद पडायचा. चातुर्मास पाळणारी, गणपतीत कांदा-लसूण सोडणारी घरं साताऱ्यापासून सांगलीपर्यंत होती. दुकानदार दरसाल विचारायचे, बिनलसणाचं काय हाय काय? आणि दरसाल तो नाही म्हणायचा.

"हा मसाला मला करून द्या. गणपतीच्या आत. लागतील तेवढं पैसं आगाऊ देतो."

दारात येऊन उभा राहिलेला शांतिनाथ काही बोलणार होता. गुणमालाने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तुमच्या डंकात न्हाई कुटणार," ती बाळासोला म्हणाली. "लसणाचा हात लागलेलं भांडं इथं येणार न्हाई. पाकिटावर लसूण रंगवायचा न्हाई."

"कबूल."

"आणि पाकिटावर नाव माझं."

"गुणमाला मगदूम?"

"पुरं नाव."

बाळासोने ते फोनमध्ये टिपून घेतलं. जाताना तो काकींना म्हणाला, "आजी, नमुना ठेवू काय?"

"जा बाबा आता."

मसाला कुटायला बायका पुन्हा जमल्या. या खेपेला पैरा खरा होता, खोकला येणारा आणि दंड भरून आणणारा. दीपाली साताऱ्याहून आली आणि तिने साइटच्या उजव्या अंगाला, जिथे लसूण असायचा तिथे, नव्या पाकिटाचं चित्र लावलं. त्यावर बोट ठेवायला गुणमालाने सगळ्यांना सक्त मनाई केली.

अनंत चतुर्दशीला देऊळ भरलं होतं. सवाल निघाला. पुरुषांच्या बाजूने आवटी थोडे चढले, गुणमाला मसाल्याच्या पैशांच्या जोरावर त्यांच्या वर गेली आणि आवटी हसून थांबले. पुकारणाऱ्याने माइक तोंडाशी धरला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने सुरू केलं, "श्रीमान शांतिना..."

"न्हाई!" बायकांच्या बाजूने सुंदरीकाकींचा आवाज आला. तोही स्पीकरवर गेला.

पुकारणारा दचकला, हातातल्या चिठ्ठीवर त्याने नजर टाकली आणि पुन्हा सुरुवात केली. "सौभाग्यवती गुणमाला शांतिनाथ मगदूम..." तो क्षणभर अडखळला. पुढचं काय म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मग जे येत होतं तेच त्याने म्हटलं, "सहकुटुंब!"

नाव बाजारपेठेवरून, स्टँडवरून, उसाच्या रानांवरून गेलं.

पुरुषांच्या बाजूला आवटींनी शांतिनाथला कोपर मारलं. "काय अण्णा, यंदा तुमचं नाव न्हाई?"

"हाय की," शांतिनाथ ताठ बसत म्हणाला. "ऐकलं न्हाईस व्हय? सहकुटुंब म्हटलं न्हवं? ते सहकुटुंब म्हंजे मी."

हे गुणमालाला ऐकू आलं. पण तबक हातात होतं आणि हसलं तर ज्योती हलतील, म्हणून आरती संपेपर्यंत ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली.