हरेल त्याच्या हाती चावी

मी टेबल-टेनिसचं टेबल बोलतोय. जेवणाचं नव्हे, बैठकीचं तर नव्हेच. हे आधीच सांगितलेलं बरं. लोक माझ्यावर डबे उघडतात, कोपरं टेकतात. एकानं तर कलिंगड कापलं. मी चकार शब्द काढला नाही.

मला गावच्या सुतारानं केलं. त्याआधी त्यानं फक्त दारंच केली होती. म्हणून माझा डावा कोपरा जरा दारासारखा आहे. तिथं पडलेला चेंडू कुठं जाईल, हे चेंडूलाही ठाऊक नसतं. पण पाय भक्कम. पंखा बसवायला चार माणसं माझ्यावर चढली, मी हललो नाही.

आमच्या हॉलला पगारी माणूस नाही. सगळा कारभार हौसेचा. पद्धत एकच: हरेल त्यानं काम करायचं. झाडू मारायचा, दिवे बघायचे, जाळ्याला टाके घालायचे. त्यामुळे वर्षानुवर्षं पोस्टमनकाकाच राबले. इतका हरणारा माणूस मी पाहिला नाही. नोकरीतून निवृत्त झाले, हरण्यातून नाही.

मग काकांचे गुडघे कुरकुरू लागले. काकूंनी बजावलं, "आता पुरे. हॉलला दुसरं कुणी शोधा." त्यातच नगरपंचायतीचे साहेब आले. म्हणाले, "पुढच्या दहा वर्षांचं काय ते ठरवा. जबाबदारी घेणारा माणूस आज मिळाला नाही, तर इथं पाण्याचे पाइप ठेवू."

बैठक अर्थातच माझ्यावर. जाळं काढायचं कुणाला सुचलं नाही. चहाचे कप जाळ्यावरून इकडून तिकडे.

"तरुणांनी पुढं यावं," शिंपीमामा म्हणाले.

"मामा, परवा केस काळे करून आलात ना? मग तुम्हीच या," बेकरीवाली ताई म्हणाली.

"अगं, माझं दुकान कोण बघणार?"

"आत्ता तरी कोण बघतंय?"

शेवटी काका म्हणाले, "आपली पद्धत आहे ना? खेळा. जिंकला तो सुटला. शेवटी हरून उरेल त्याच्याकडे हॉलची चावी."

तसा खेळ मी जन्मात पाहिला नव्हता. हॉल वाचावा असं सगळ्यांना वाटत होतं, फक्त तो दुसऱ्यानं वाचवावा. ताई दात-ओठ खाऊन जिंकली. साहेबांना कुणीतरी बॅट दिली, तेही घाबरून जिंकले. उरले मामा आणि काका.

काकांनी पहिला चेंडू जाळ्यात मारला. दुसरा पंख्याला. तिसऱ्याच्या वेळी ते बुटाची नाडी बांधत होते. पायात चपला होत्या.

"अहो!" मागून काकू कडाडल्या. "मुद्दाम हरताय!"

"हात जरा घसरला गं."

"पत्ते खेळताना मला एक डाव सोडला नाहीत कधी. आणि इथं बरा हात घसरतो?"

काकांचे कान लाल. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस चावी सुटू नये म्हणून आजवर हरत आला होता. माझ्याच अंगावर, आणि मला पत्ता नाही! मला स्वतःची लाज वाटली.

"द्या ती बॅट. यांच्या जागी मी खेळते." काकूंनी बॅट माशी मारायला धरतात तशी धरली. व्हायचं तेच झालं. मामा जिंकले आणि निकाल फिरायच्या आत पळाले. साहेबांनी चावी काकूंना दिली, पाइप दुसरीकडे धाडले.

काकूंनी जागेवरच हुकूम सोडला, "हरणाऱ्याच्या गळ्यात काम मारायचं, हे बंद. यंदा मी बघते. पुढच्या वर्षीपासून जिंकेल त्याला चावी, मानानं." मग नवऱ्याकडे वळून, "म्हणजे तुम्ही सुटलात."

आता माझा रंग उडालाय, पण मला रिकामा वेळ नाही. रोज सकाळी काकू बाहेर अंगण झाडतात. तेवढ्यात काका मला भिंतीला लावतात, गुडघ्यांना पट्ट्या बांधतात आणि एकटेच भिंतीवर चेंडू मारत राहतात. या वयात जिंकायला शिकताहेत. बॅकहँड बरा बसलाय.

कधी काकू भेटल्या, तर कृपा करून बोलू नका. मी लाकूड आहे, माझ्याकडून काही फुटणार नाही.