झालरबाईंचा उजवा हात

मनुष्याचे कर्तृत्व त्याच्या बाहूंत वसते. ज्याचे बाहू सबळ, त्याचे प्राक्तनही सबळ.

हा सुविचार आठवी ‘ब’च्या फळ्यावर गणिताच्या बाई वळणदार अक्षरात लिहीत होत्या, आणि ‘कर्तृत्वा’चा रफार देताना त्यांच्या उजव्या दंडाखालचं मांस लोलकासारखं हेलकावत होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, “वारा सुटला.” सगळा वर्ग फिसकन हसला.

“कोण बोललं?” बाईंनी न वळताच विचारलं. वळून फायदा नव्हता. वळलं की समोर फक्त निरागस चेहरे दिसतात, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

शाळा त्यांना झालरबाई म्हणायची. नाव इतकं जुनं होतं की आताच्या मुलांना ते आयांकडून वारशात मिळालं होतं. एकदा पालकसभेत एक आई, म्हणजे त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, “नमस्कार, झा...” एवढं बोलून जीभ चावून गप्प बसली. बाईंनी तिच्या मुलीचे दोन गुण कापायचा विचार केला, पण कापले नाहीत. गणितात अन्याय करायचा नाही, हे त्यांचं तत्त्व होतं. बाकी तत्त्वं फारशी नव्हती.

या वर्षाअखेर बाई निवृत्त होणार होत्या. त्याचं दुःख नव्हतं. मुलं आणि त्रैराशिक, दोन्ही कटकटी एकदम सुटणार होत्या. धास्ती होती ती जिन्याजवळच्या भिंतीची. निवृत्त झालेल्या शिक्षकांचे फोटो तिथे लागत. शाळेचा रिवाज असा की, फोटो स्टुडिओतला चालत नसे, काम करतानाचा हवा. भूगोलाचे सर पृथ्वीच्या गोलावर बोट ठेवून उभे होते. विज्ञानाच्या बाई परीक्षानळीकडे अशा पाहत होत्या, जणू ती कुणाची तरी सून आहे. गणिताच्या बाईंचा फोटो कसा असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. फळा, वर केलेला हात, हातात खडू. आणि त्याखाली कायमची, चौकटीत बसवलेली झालर. माणूस गेला तरी नाव उरतं म्हणतात. बाईंना नेमकी त्याचीच भीती होती.

म्हणून जुलैत त्या जिमला गेल्या.

जिम टायरच्या दुकानावर होती, त्यामुळे रबराचा वास खालून येतो की वरून, ते कळत नसे. भिंतभर आरसे होते. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला सगळ्या बाजूंनी एकदम पाहिलं आणि ताबडतोब ट्रेनरकडे पाहायला सुरुवात केली. ट्रेनर मात्र बाईंना बघताच हातातलं डंबेल खाली ठेवून ताठ उभा राहिला होता.

“बाई, तुम्ही?”

“तू कुठल्या वर्षीचा?”

“मागच्या बाकावर असायचो बाई.”

“मग नाही आठवणार. हे बघ, दंडाची मागची बाजू. लोंबतंय ते जायला हवं. फक्त उजव्या हाताचं.”

“उजव्याच?”

“लिहिताना वर्गाला उजवाच दिसतो.”

“बाई, तसं नसतं हो. दोन्ही हात, पाठ, खांदे, पाय, सगळंच थोडं थोडं करायला लागतं. नाहीतर एकाच बाजूवर भार...”

“माझ्याकडे मार्चपर्यंतच वेळ आहे. जे परीक्षेला नाही, ते मी तुम्हाला कधी शिकवलं?”

“नाही बाई.”

“मग?”

ट्रेनरने मान खाली घातली. एरवी तो एका दमात दोन माणसांचं वजन उचलायचा, पण बाईंसमोर त्याला उलटं उत्तर उचलेना. फी मात्र त्याने दोन्ही हातांची घेतली.

त्यानंतर सुरू झाला उजव्या हाताचा जादा तास. डंबेल डोक्यामागे न्यायचं आणि वर ढकलायचं. तारेला लावलेली दोरी कोपर न हलवता खाली ओढायची. पहिल्या आठवड्यात बाईंना भांग पाडता येईना, दाराची कडी काढता येईना. पण गणित शिकवणाऱ्या माणसात चिकाटी असते. तेच उदाहरण वर्षानुवर्षं सोडवूनही ज्याला कंटाळा येत नाही, त्याला डंबेलचं काय! दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, वह्या तपासताना, जिथे सवड मिळेल तिथे त्या पाण्याची भरलेली बाटली डोक्यामागे नेत. हिवाळा सरता सरता उजव्या दंडाच्या मागे एक घट्ट रेघ उमटली. डावा हात तेवढा जुन्या अभ्यासक्रमातच राहिला.

मग एके दिवशी बाईंनी फळ्यावर मुद्दाम लांबलचक सुविचार लिहिला. रफार, वेलांट्या, सगळं हात उंच करून. मागून आवाज आला नाही. बाईंनी खांद्यावरून हळूच पाहिलं, तर मागच्या बाकावरचा पोरगा मान वाकडी करून झालर शोधत होता. त्याचा चेहरा जत्रेत हरवल्यासारखा झाला होता. बाई फळ्याकडे तोंड करून हसल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी आखूड बाह्यांचा ब्लाउज शिवायला टाकला.

देव एका हाताने देतो आणि नवऱ्याच्या हाताने काढून घेतो.

निवृत्त झाल्यापासून त्यांचा नवरा घरात निरीक्षण हे एकच काम करत असे. पाण्याचा भरलेला कॅन बाईंनी एका हाताने उचलून स्टँडवर ठेवला, ते त्याने पेपरच्या वरून पाहिलं. पेपर घडी करून बाजूला ठेवला. हे लक्षण चांगलं नव्हतं.

“अगं, मी काय म्हणतो, आईला उचलायला ती मावशी कशाला हवी आता?”

सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, तोंड तेवढं चालतं होतं. त्यांना उठवायला, खुर्चीत बसवायला, पुन्हा निजवायला एक मावशी सकाळ-संध्याकाळ येत.

“अहो, मी शाळेतून येते तेव्हा...”

“माझी कंबर तुला माहीत आहे.”

ती कंबर बाईंना लग्नापासून माहीत होती. काम निघालं की ती दुखायची. पुढच्या महिन्यापासून मावशी बंद झाल्या. झालर घालवण्यासाठी कमावलेलं बळ सासूबाईंच्या सेवेत रुजू झालं.

“मावशी बरी होती,” सासूबाई रोज म्हणत. “तिचे हात तरी मऊ होते. हिचा हात कसला, लाकूड आहे नुसतं.”

त्या हाताला कुणीतरी पहिल्यांदाच घट्ट म्हटलं होतं, आणि तेही असं.

फोटोच्या आदल्या आठवड्यात बाईंनी सासूबाईंना नेहमीप्रमाणे खुर्चीतून उचललं. पाठीखालचा डावा हात मध्येच कच खाऊन सुटला, सगळा भार उजव्यावर आला आणि दंडात काहीतरी कापडासारखं टरकन फाटलं. सासूबाई गादीवरच पडल्या. त्यांना काही झालं नाही.

“अगं बाई, मारतेस की काय मला!” त्या ओरडल्या.

नवरा पेपर हातात घेऊनच दारात आला. खाली बसून हात आवळून धरलेल्या बायकोकडे त्याने पाहिलं.

“मग एवढं जिमला जाऊन केलंस काय तू?”

डॉक्टरांनी हात पट्ट्याने गळ्यात अडकवला आणि महिनाभर वर करायचा नाही, असं बजावलं. मावशींना निरोप गेला, पण त्यांना दुसरीकडे काम लागलं होतं. फोटोची तारीख बदलेना. फोटोग्राफर वर्षातून एकदाच येई आणि सगळे वर्ग एका दिवसात उरकी. पट्ट्यावरून लांब बाही चढेना, म्हणून बाईंनी तो नवा, आखूड बाह्यांचा ब्लाउजच घातला. तो काही या हातासाठी शिवला नव्हता.

“मॅडम, फळ्यावर हात,” फोटोग्राफर म्हणाला. “नाही, तो राहू द्या. डावा. नुसतं लिहिल्यासारखं करा. अजून वर. अजून.”

पार्श्वभूमीला आठवी ‘ब’ बसवली होती. बाईंनी डावा हात वर केला. अनेक महिने कुणी न पाहिलेली, सांभाळून ठेवलेली डावी झालर खिडकीतल्या उन्हात मोकळी झाली.

“वारा बदलला,” मागच्या बाकावरून आवाज आला. पोराला हरवलेलं सापडलं होतं.

वर्ग खो खो हसला. फोटोग्राफर खूश झाला. “वा, छान! असेच हसत राहा सगळे!”

निरोपसमारंभाच्या दुसऱ्या दिवशी बाई तडक शाळेत गेल्या. हा फोटो लावू नका, हवं तर माझा कुठलाच लावू नका, एवढं सांगायचं होतं. वाटेत त्यांनी ते वाक्य विनवणीत आणि रागात, दोन्ही चालींवर म्हणून पाहिलं. पण शाळेचा कारकून जिन्याजवळ शिडीवर उभा होता आणि खिळा ठोकून झाला होता.

“या बाई, बघा, सरळ आहे ना?”

बाईंनी वर पाहिलं. चौकट तळहाताएवढी होती.

“एवढासा?”

“भिंत भरली ना बाई. यंदापासून फक्त चेहरे. जूनच्या मीटिंगमध्येच ठरलं ते. तुम्ही होतात की समोरच! फेरपरीक्षेचे पेपर तपासत होतात.”

फोटो गळ्यापर्यंत होता.