मीटरकाकांचं मागणं

मीटरकाकांनी जन्मभर लोकांच्या दारांच्या बेल वाजवल्या, पण कुणाकडे कधी काही मागितलं नाही. पाणीखात्यात मीटर वाचायची नोकरी. बेल वाजवायची, "मीटर!" म्हणायचं, दार उघडलं की थेट स्वयंपाकघरात जाऊन सिंकखाली डोकं घालायचं, आकडा टिपायचा, "ठीक आहे" म्हणायचं आणि बाहेर पडायचं. एवढ्या बोलण्यावर त्यांनी अख्खी नोकरी काढली. माणसं त्यांना गुडघ्यापर्यंतच माहीत होती. कुणाच्या पायात कसल्या सपाता, कुणाच्या सिंकखाली कांदे आणि कुणाच्या सिंकखाली रिकाम्या बाटल्या, हे ते झोपेतही सांगतील. पण त्या पायांच्या वर चेहरा कुणाचा, असं विचारलंत तर काका छताकडे बघायला लागत.

स्वभावच मेला भिडस्त. चहात साखर नसली तर तो तसाच घशाखाली ढकलतील, पण साखर मागायची त्यांच्या जिवावर येई. काकू नेमक्या उलट्या. दुकानदाराशी भांडून, जिंकून, वर त्याच्याकडूनच पिशवी दारापर्यंत आणवणारी बाई ती. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. "तोंड तेवढं वाचलं," असं त्या भेटेल त्याला सांगायच्या.

त्यांच्या गल्लीच्या टोकाला पालिकेचा दवाखाना होता आणि त्यात तळमजल्यावर व्यायामाची खोली. दोन समांतर दांडे, भिंतीवर एक चाक, एक मोठा रबरी चेंडू आणि दिवसभर "अजून एकदा, अजून एकदा" म्हणणारी डॉक्टरीण, एवढाच पसारा. पण त्या दांड्यांना धरूनच काकू पलंगावरून उठून स्वयंपाकघरापर्यंत चालायला लागल्या होत्या. आणि एक दिवस डॉक्टरणीने सांगितलं की पालिका ही खोली बंद करायच्या विचारात आहे. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मोठं केंद्र झालंय, सगळ्यांनी तिकडे जावं म्हणे. मंगळवारी प्रभागाची सभा होती. खोली हवी असं सांगायला वस्तीतली माणसं आली तर विचार होईल, नाही आली तर कुणाला गरज नाही असं धरून चालतील.

"दोन बस बदलून मी जाणार?" काकू म्हणाल्या. "मला आधी बसच्या पायरीवर चढवायला क्रेन मागवा."

खोलीतले बाकीचे पेशंट हसले आणि मग सगळ्यांनी काकांकडे बघितलं. कुणाचा पाय प्लास्टरमध्ये, कुणाच्या हातात काठी. धडधाकट पायांचा माणूस तेवढा एकच.

"तुम्ही तर सगळी घरं ओळखता," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्हीच जा ना घरोघर. या म्हणावं मंगळवारी."

काकांना नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं आणि तेही त्यांना जमत नसल्यामुळे त्यांनी मान हलवली.

त्या संध्याकाळी ते समोरच्या इमारतीत गेले. जिना चढताना वाक्य घोकलं, "नमस्कार, मी समोर राहतो, आमच्या दवाखान्यातली खोली..." पहिली बेल वाजवली. आतून आवाज आला, "कोण आहे?"

"मीटर!" काका म्हणाले.

आता हे त्यांनी ठरवून केलं नव्हतं. बेलवर बोट ठेवलं की तोंडातून तोच शब्द बाहेर पडायची वर्षानुवर्षांची सवय. दार उघडलं, बाई बाजूला सरकली आणि काकांचे पाय आपले आपण स्वयंपाकघराकडे वळले. सिंकखाली डोकं घातलं, आकडा वाचला, "ठीक आहे" म्हणाले आणि बाहेर. दुसऱ्या दारी तेच. तिसऱ्या दारी तर पक्कं ठरवून गेले होते, तरी तेच. अशी ती अख्खी इमारत त्यांनी वाचून काढली.

घरी काकू वाट बघत बसल्या होत्या. "किती जण येतायत?"

काका बराच वेळ बूट काढत राहिले. "पाण्याचा वापर फार वाढलाय लोकांचा," ते शेवटी म्हणाले.

खरं काय घडलं ते काढून घ्यायला काकूंना वेळ लागला नाही. मग त्या इतक्या हसल्या की ठसका लागला आणि काकांना त्यांची पाठ चोळावी लागली. "अहो, निवृत्त झालात तुम्ही! खात्याने पगार तरी द्यायचा होता आजचा!" काकाही हसले, पण रात्री जेवण गेलं नाही. आपल्या तोंडून शब्द फुटत नाही म्हणून हिचं चालणं थांबणार, हे त्यांना दिसत होतं आणि स्वतःचा भयंकर राग येत होता.

दुसऱ्या दिवशी ते तिच्याच शेजारच्या इमारतीत गेले. पहिलंच दार शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं. दार उघडलं तेव्हा त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांनी नुसतीच भुवई उडवली.

"मीटर," काका म्हणाले आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारला. तरी आत गेलेच. सिंकखाली डोकं घालतात न घालतात तोच मागून आवाज आला. बाईंनी टाचण्या काढल्या होत्या.

"गेल्याच आठवड्यात नवीन माणूस आकडा घेऊन गेला. तुम्ही निवृत्त झालात ना? मग माझ्या सिंकखाली काय करताय?"

काकांची पाचावर धारण बसली. बाहेर यावं तर चेहरा दिसणार, आत राहावं तर चोर ठरणार. ते आतच राहिले आणि समोरच्या नळीलाच सगळं सांगायला लागले. खोली, दांडे, मंगळवार, बायको पलंगावरून कशी उठली, पहिल्यांदा स्वयंपाकघरात येऊन तिने आपण केलेल्या भाजीला कशी नावं ठेवली, सगळं. नळी बिचारी ऐकून घेत होती. "तर तुम्ही याल का, एवढंच विचारायला आलो होतो," ते म्हणाले.

"आधी बाहेर या आणि माझ्याकडे बघून विचारा."

काका बाहेर आले. कपाळाला जळमट चिकटलं होतं. त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. इतकी वर्षं या घरात येत होते, पण बाईंच्या हनुवटीवर तीळ आहे हे त्यांना आज कळलं.

"मंगळवारी याल का सभेला?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "बुधवारी एक मोठी ऑर्डर द्यायचीय, मान वर करायला फुरसत नाही. खरंच नाही जमणार."

काका तसेच उभे राहिले. ज्या एका शब्दाला ते आयुष्यभर घाबरत आले होते तो कानावर पडला होता. आता काहीतरी होईल म्हणून त्यांनी वाट बघितली, पण काही झालं नाही. बाईंनी तर त्यांच्या कपाळावरचं जळमट फडक्याने पुसलं आणि वर पाणीही विचारलं. काकांनी पाणी घेतलं. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. 'नाही' म्हणजे एवढंच? याच्यासाठी आपण बिनसाखरेचे चहा पीत आलो?

"वरच्या मजल्यावर विचारा," बाई म्हणाल्या. "त्या माणसाचा गुडघा नवा बसवलाय."

काका वर गेले, बेल वाजवली आणि आतून "कोण?" आल्यावर दातांमध्ये जीभ दाबून धरली. मग म्हणाले, "समोर राहतो मी. मला तुमच्याकडे काम आहे."

नव्या गुडघ्याचा माणूस येतो म्हणाला. त्याच्या शेजारचा नाही म्हणाला आणि दारही जरा आपटलंच. काकांनी पुढची बेल वाजवली. कुणी हो म्हटलं, कुणी बघू म्हटलं, एकाने आत बसवून स्वतःच्या कंबरेचा इतिहास ऐकवला. मंगळवारपर्यंत काकांनी गल्ली पालथी घातली. सिंकखाली मात्र परत वाकले नाहीत, अपवाद एका आजींचा. त्यांचा नळ खरंच गळत होता.

मंगळवारी प्रभाग कचेरीचं सभागृह भरलं. ओसंडून वगैरे नाही, पण मागे काही जणांना उभं राहावं लागलं. काकूंनाही काका रिक्षाने घेऊन आले होते. अधिकारीबाईंनी चष्म्यावरून सगळीकडे नजर टाकली आणि विचारलं, "एवढे सगळे त्या एका खोलीसाठी?" काका उठून उभे राहिले. "हो," ते म्हणाले, "आम्हाला ती हवी आहे." मग नव्या गुडघ्यावाला बोलला, आजी बोलल्या, कंबरवाला तर थांबेचना. शेवटी अधिकारीबाईंनी हात वर करून सांगितलं की खोली आहे तिथेच राहील. काकांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरीण एवढ्या लोकांसमोर ढसाढसा रडली.

कचेरीच्या बाहेर उतरायला दगडी पायऱ्या होत्या. काठी, काकू आणि गर्दी, हे सगळं एका हाताने सांभाळणं शक्य नव्हतं. "अहो, जरा हिला त्या बाजूने धरता का?" काका शेजारच्या माणसाला म्हणाले. कोण, कुठला, त्यांनी बघितलंही नव्हतं. त्या माणसाने धरलं, दोघांनी मिळून काकूंना खाली आणलं आणि तो आपल्या वाटेने गेला.

खाली आल्यावर काकू हलेचनात. काकांना वाटलं, आता यावर काहीतरी टोमणा येणार. पण टोमणा आला नाही.

"खोली गेली असती तर मी परत उभी राहिले नसते," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं. रोज रात्री भीती वाटायची."

"मग बोलली का नाहीस? नुसती हसत होतीस!"

"बोलले असते तर घाबरून तुम्ही एकही बेल वाजवली नसतीत."

काकूंनी काठी त्यांच्या हातात दिली आणि चांगल्या हाताने त्यांची बाही पकडली.

"थोडा वेळ धरून ठेवता का मला?"

जन्मभर हुकूम सोडणारी बाई. असं विचारताना काकांनी तिला कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी भर रस्त्यात तिला जवळ घेतलं. मागून उतरणारी माणसं बाजूने वाट काढून जात राहिली, काही वळून बघतही होती, आणि काकांना त्याची जराही लाज वाटली नाही.