माहेरचा एडका

मेंढ्या माजावर येण्याआधी बयनाबाईनं त्यांना ज्वारीचा भरडा सुरू केला, तेव्हा मावल्याजवळचं तिचं गाव पोट धरून हसलं होतं. कोकरं तोलायला लागली तेव्हा तर विचारूच नका. "पाह्य पाह्य, बयना कोकरं काट्यावर चढवून राह्यली, जसा कापूसच!" पण जनावरांच्या दवाखान्यातल्या शुभांगी मॅडमनी सांगितलेलं तिनं सोडलं नाही. जंताचं औषध वेळच्या वेळी दिलं. मग तिची कोकरं बाजारात उठून दिसायला लागली आणि हसणारेच आपल्या मेंढ्यांसाठी तिचा एडका मागायला दारात यायला लागले.

मॅडमचं एकच सांगणं उरलं होतं. एडक्याच्या लेकीच आता कळपात होत्या. त्याच्याकडूनच त्या गाभण राहिल्या तर पिल्लं खुजी निघणार. एडका बदला. बयनाबाईला दुसरं कोण आठवणार? नेरडीगोंड्याचा धाकटा भाऊ, पंढरी. हंगामापुरती अदलाबदल ठरली. पंढरी तिचा एडका घेऊन गेला. तसा एडका पंचक्रोशीत शोधून सापडला नसता. बदल्यात आपला एक भरदार एडका त्यानं तिच्या अंगणात बांधला.

"कळपात सोडायच्या आधी जरा चाचपून पाहू, ताई," मॅडम म्हणाल्या.

बयनाबाईचा पाराच चढला. माहेरून आलेल्या जनावराचे पाय धुतात, कुंकू लावतात आणि मुकाट्यानं आत घेतात. तपासणं म्हणजे भावाच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. "अवं माय! भावानं देल्लं जनावर चाचपाले मी का खाटीक हाय?"

मॅडमनी आपली पिशवी उचलली. बहीणभावाच्या मधे कोण पडतं?

एडका मेंढ्यांवर उड्या मारायचा, पण मेंढ्या पुन्हा पुन्हा माजावर यायच्या. बयनाबाईनं भरड्याला दोष दिला, उन्हाला दिला, शेजारणीच्या नजरेलाही दिला. भावाला तेवढा दिला नाही. हंगाम सरत आला तेव्हा तिनं स्वतःच मॅडमना बोलावलं.

मॅडमनी एडक्याच्या पोटाखाली हात घातला आणि मान हलवली. "ताई, हा बडवलेला आहे. चिमट्यानं नसा ठेचल्यात, तेही बऱ्याच आधी. अशानं मेंढ्या कशा गाभण राहतील?"

म्हणजे यंदा मेंढ्यांच्या वाड्यात एकही कोकरू येणार नव्हतं. तरी नेरडीगोंड्याच्या बसमध्ये बयनाबाई मनाला समजावत राहिली, की पंढरीला माहीत नसेल, त्यालाही कोणी फसवलं असेल.

पंढरीच्या वाड्यात मेंढ्यांची पोटं खाली लोंबत होती. साऱ्या गाभण, तिच्या एडक्याच्या.

"पंढरी, बडवलेला एडका देल्ला तू मले?"

पंढरीनं खोटं बोलायचीही तसदी घेतली नाही. "मीच बडवला होता, अक्का."

"काऊन रे? काऊन केलं असं?"

"साऱ्या मुलखाचे लोक एडका मागाले तुह्या दारी येऊन राह्यले. आपले आबा जिते होते तवा लोक या दारी येत. एका सालात काई मरत नाई तू. ने तुहा एडका. आता त्याचं काम झालं."

ज्याला तिनं कडेवर खेळवलं, तो हे बोलत होता. तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप.

भावजय रूपाली कुंकवाचा करंडा घेऊन आली. माहेरातून जाणाऱ्या जनावराला कुंकू लावल्याशिवाय सोडत नाहीत. तिनं बोट बुडवलं.

"थांब वं," बयनाबाई म्हणाली. ती भर अंगणात, शेजारपाजाऱ्यांदेखत, उकिडवी बसली आणि आपल्याच एडक्याच्या पोटाखाली हात घालून तिनं त्याला नीट चाचपलं, अनोळखी दलालाकडून घेताना चाचपतात तसं.

"अक्का, लोक पाहून राह्यले," पंढरी पुटपुटला.

"पाहू दे. तपासल्याबिगर या घरचं काईच नेत नाई मी आता."

एडका धड होता. तिनं दोर हातात घेतला आणि कुंकू न लावताच त्याला बाहेर काढलं.