ओढ्यापलीकडचा एक

आमचं लॉरेंट पार्क शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला मला बावीस मिनिटं लागतात, आणि दोन हजार दहाच्या मे महिन्यात मी ते दिवसातून चारदा पालथं घालत होते. उत्तरेला हायवे, दक्षिणेला रेल्वेचे रूळ, पश्चिमेला पाण्याची टाकी, पूर्वेला ओढा. ओढ्यापलीकडे हॅमर ग्रोव्ह. दोन्हीकडे तशीच घरं, तशीच हिरवळ, तीच मेपलची झाडं. फरक दिसतो तो फक्त आम्हालाच. हायवेवरून आत वळलं की पाटी लागते : लॉरेंट पार्क, लोकसंख्या १,०१२. दर दहा वर्षांनी तो आकडा माझा नवरा ऑरिन स्वतःच्या हाताने रंगवायचा, कारण एकतीस वर्षं शहराचे रस्ते, गटारं आणि बर्फ सगळं त्याच्याच अंगावर होतं.

जानेवारीत अर्धांगाच्या झटक्याने ऑरिनची डावी बाजू गेली. ओढ्यापलीकडच्या शुश्रूषागृहात त्याला ठेवलं. माझ्या स्वयंपाकघरातून त्याची खिडकी दिसते. म्हणून मी स्वयंपाकघरात थांबेनाशी झाले आणि जनगणनेचं काम धरलं. ज्यांनी टपालाने आलेला फॉर्म भरून पाठवला नाही, त्यांची दारं वाजवायची.

‘पहिल्या एप्रिलला या घरात किती माणसं राहत होती?’ हा एकच प्रश्न, आणि लोक त्यावर काय वाटेल ते सांगायचे. ओक स्ट्रीटवरच्या एका आईने कॉलेजातल्या मुलीला धरून चार सांगितले.

“ती तिकडे डुलुथला, वसतिगृहात झोपते ना? मग तिची गणती तिथे,” मी म्हणाले.

“अहो, पण तिची खोली तशीच ठेवलीय मी!”

“आम्ही खोल्या मोजत नाही, माणसं मोजतो.”

तोडून बोलले मी. बाईचा चेहरा उतरला. मी पुढच्या दाराकडे अक्षरशः पळाले, कारण माझ्या घरी, फडक्यांच्या कप्प्यात, माझा स्वतःचा फॉर्म मार्चपासून कोरा पडला होता. दोन लिहिलं तर खोटं. एक लिहिलं तर ऑरिन परत येणार नाही, हे माझ्याच अक्षरात.

महापौर डेलमार क्विस्टने मला पोस्टाबाहेर गाठलं.

“आर्लिस, हजाराच्या खाली गेलो तर हॅमर ग्रोव्हवाले दात काढतील. ऑरिनला आपल्यात धर. चाळीस पावलांवर तर आहे!”

“ऐंशी.”

“बरं, ऐंशी. पण आपला ऑरिन हॅमर ग्रोव्हचा माणूस? अगं, पुलावरचा बर्फ बरोबर मध्यापर्यंत ढकलून गाडीचं पातं उचलायचा तो!”

ते खरंच होतं. एकदा मी म्हटलंही होतं, उरलेला अर्धा पूल साफ केलास तर काय झिजणार आहेस? तर म्हणाला, “त्यांचा बर्फ त्यांना लखलाभ.”

गुरुवारी आमच्या तुकडीची प्रमुख पाकू वांग हिचा फोन आला. पंचवीस-सव्वीसची पोर, टाकीजवळ राहते.

“मिसेस टोलेफसन, रागावू नका. न भरलेल्यांच्या यादीत तुमचाच पत्ता आलाय.” ती हसली, मग हसायची थांबली. “ते घर तुम्हाला करता येणार नाही. मी येते उद्या, दहाला.”

मी फोन ठेवला, लिंबाच्या वड्या डब्यात भरल्या आणि पूल ओलांडून ऑरिनकडे गेले. तो खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता.

“उद्या माझ्या दारात येतायत,” मी म्हणाले. “मी दोन सांगणार आहे.”

त्याने वडी संपवली. हल्ली त्याला चावायला वेळ लागतो.

“दोन कसे? मी इथे भरून दिलाय की.”

“काय भरून दिलंस?”

“फॉर्म. एप्रिलातच वाटले सगळ्यांना. उजवा हात चालतो ना माझा. कुठे राहता? इथेच, म्हणून लिहिलं.”

“मला विचारलं नाहीस!”

“विचारलं असतं तर तू लिहू दिलं असतंस?”

“हॅमर ग्रोव्ह, ऑरिन! हॅमर ग्रोव्ह!”

“माहितेय गं. दोन दिवस जेवण गेलं नाही मला.” तो अर्ध्या तोंडाने हसला. मग म्हणाला, “आर्लिस, आता आपला जिना माझ्याच्याने चढवत नाही. तू नळाशी उभी राहून इकडे बघतेस, ते मलाही दिसतं.”

मला त्याचा भयंकर राग आला. महिनाभर हा मला काही बोलला नव्हता. डबा तिथेच टाकून मी निघाले, आणि घरी न जाता टाकीपर्यंत जाऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी दहाला पाकू आली. मी तिला टेबलाशी बसवलं, स्वतः मात्र उभीच राहिले, ओटा पुसत.

“पहिल्या एप्रिलला या घरात किती माणसं राहत होती?”

“एक.”

तिने लिहिलं. वर पाहिलं नाही, त्याबद्दल मी तिचे आभार मानते.

“पहिल्या व्यक्तीचं नाव?”

“ऑरिन टोलेफसन,” मी म्हणाले. चार जनगणनांमध्ये पहिल्या ओळीत त्याचंच नाव असायचं, माझं दुसऱ्या.

पाकूची पेन्सिल ‘ऑ’वर थांबली.

“खोड ते,” मी म्हणाले. “आर्लिस लिही.”

तिने रबराने ते अक्षर पुसलं, फुंकर मारली आणि माझं नाव लिहिलं. मी ओट्यावरचं फडकं ठेवलं, खुर्ची ओढली आणि त्या अख्ख्या महिन्यात पहिल्यांदाच माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीकडे तोंड करून बसले.