उघडा फासा

"मोठा डॉक्टर खोटं बोलतोय," सहादेव म्हणाला आणि त्यानं जेवणाच्या ताटलीत फासा टाकला. "माझ्या तोंडावर अल्सर म्हनतो. मग रोज माझ्या बापाला बाहेर नेऊन काय सांगतो?"

वीस बाजूंचा तो लाल फासा स्टीलवर खणखणत फिरला आणि थांबला. खाटेच्या दोन्ही बाजूंना बसलेले सम्राट आणि गहिनीनाथ गरजेपेक्षा जास्त वाकून फाशाकडं बघत राहिले.

"सतरा," सम्राट म्हणाला. "भाला लागला. रानडुक्कर पडलं."

"बघा. हितं कुनी खोटं बोलत न्हाई." सहादेवनं उशीला पाठ टेकली. सलाईनच्या सुईनं काळानिळा पडलेला हात त्यानं पोटावर ठेवला आणि पुढच्या दालनात काय आहे, ते विचारलं.

तिघंही सुप्याच्या एका कारखान्यात कामाला होते. कंपनीला गुरुवारी सुट्टी, म्हणून दर गुरुवारी दोघं एस.टी.नं नगरच्या त्या खासगी दवाखान्यात यायचे. फासे सम्राटच्या शर्टाच्या खिशात असायचे. पुण्याहून शिकाऊ म्हणून आलेला एक इंजिनियर नोकरी सोडून जाताना खोलीवर खोकं टाकून गेला होता. त्यात हे फासे आणि एक इंग्रजी पुस्तक होतं. सम्राटच्या बहिणीनं, प्रज्ञानं, ते वाचून समजावलं. एकानं सूत्रधार व्हायचं. भुयारं, राक्षस, खजिना त्यानं रचायचा. बाकीच्यांनी एकेक वीर घ्यायचा, त्याचं नाव-बळ एका कागदावर लिहायचं आणि आपला वीर आता काय करतो, ते तोंडानं सांगायचं. नशिबाचा प्रश्न आला की फासा. मोठा आकडा चांगला, लहान वाईट.

सूत्रधार सम्राट. त्याचा कायदा एकच होता. फासा ताटलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पडला आकडा तो पडला. वीर मेला तर त्याचा कागद फाडायचा, चहा प्यायचा आणि नवा कागद घ्यायचा. रडारड नाही, मिनतवारी नाही.

हा कायदा सगळ्यात जास्त कुणाला मानवला असेल तर सहादेवला. त्याचे कितीतरी वीर दरीत पडून, विष पिऊन, सापळ्यात चिरडून मेले होते आणि दर वेळी तो स्वतःच कागद फाडायचा. पण तो सहजासहजी मरायचा नाही. कर्जतकडं शेताला पाणी धरत वाढलेला माणूस. भुयारात शिरला की फरशीवर पखालीतलं पाणी ओतायचा आणि ते कुठं गडप होतंय ते बघायचा. जिथं गडप झालं तिथं खाली खड्डा. पुस्तकात असलं काही नव्हतं. सम्राट खूश होऊन म्हणायचा, असं डोकं चालवलंस तर फासा टाकायचीही गरज नाही.

मग गहिनीनाथ कंपनीच्या कामानं महिनाभर पुण्याला राहून आला आणि भांडण लागलं. तिकडं पोरं वेगळंच खेळतात, असं तो सांगू लागला. सूत्रधार पुठ्ठ्याआड बसतो. फासा त्याचा त्यानंच बघायचा. फालतू आकड्यापायी चांगला वीर मरायला लागला तर तो गुपचूप वाचवतो. प्रत्येक वीराला आईबाप असतात, दुःख असतं, मनात काहीतरी राहून गेलेलं असतं. गोष्ट मोठी आणि फासा बारका.

"मग फासा हवा कशाला?" सम्राट म्हणाला होता. "कीर्तनच कर की. मी टाळ घेतो."

"वाचवलेला वीर म्हंजी मेलेलाच," सहादेवनं जोड दिली होती. गहिनीनाथ आठवडाभर रुसला होता.

त्या दिवशी दवाखान्यात खेळ संपल्यावर सम्राट पाण्याची बाटली भरायला बाहेर आला, तर सहादेवची आई, गोजरबाई, जिन्यापाशी उभी होती. तिनं त्याला कोपऱ्यात घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. पोटात गाठ होती. पसरली होती. घरी न्या म्हणाले होते.

डॉक्टरनं बापाला सांगितलं, बापानं आईला, आईनं भावकीला. ज्याचं पोट त्याला सोडून सगळ्या गावाला ठाऊक. तिशीतला कमावता माणूस, स्वतःच्या सहीनं पगार उचलणारा, त्याला त्याचं मरण सांगायचं नाही. आणि याला माया म्हणायचं.

गोजरबाईनं सम्राटचे दोन्ही हात धरले. या बाईच्या घरी तो इतकी वर्षं जात होता. त्याचा कप वेगळा होता, ओट्यावरच्या कोनाड्यात पालथा असायचा. तिचा हात त्याच्या हाताला कधी लागला नव्हता.

"तू त्याच्या जिवाचा हायस," ती म्हणाली. "तोंडातनं काढू नको, बाबा. आन् त्यो तुमचा खेळ हाय ना, त्यात बी त्याला मारू नको रं. लई मनाला लावून घेईल."

सम्राट तिच्या हातांकडं बघत राहिला. इतक्या वर्षांचं काहीतरी त्याला तिथंच, जिन्यापाशी, विचारता आलं असतं.

"व्हय, काकू," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी सहादेव गावी, घरी होता. पडवीत खाट टाकली होती, आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलेल्या सफरचंदांचं खोकं खाटेखाली होतं. सम्राटला कुणी ओट्यावर थांबवलं नाही. तो आत आला, खोक्याचं झाकण काढलं आणि गोधडीवर आपल्यासमोर उभं केलं.

"हे काय?" सहादेवनं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"नवी पद्धत. गहिन्या म्हणत होता तशी."

"तू तर कीर्तन म्हनत हुतास."

"बघू की बदलून. गोष्ट रंगते जरा."

सहादेवनं गहिनीनाथकडं पाहिलं. गहिनीनाथ भांडण जिंकला होता, पण सम्राटनं एस.टी.त त्याला सगळं सांगितलं होतं आणि त्याला मान वर करवत नव्हती. तो आपल्या कागदाची घडी घालत आणि उलगडत बसला. गोजरबाई उंबऱ्यात शेंगा फोडत होती.

खेळ सुरू झाला. सहादेवचा वीर भिमाजी एका लांब दालनाच्या तोंडाशी उभा होता. फरशी ओळखीची, जागोजागी पोकळ. गहिनीनाथनं सवयीनं आपल्या वीराची पखाल पुढं केली.

"पानी नको," सहादेव म्हणाला. "भिमाजी चालत जातो. मधनं."

"फरशी न तपासता?" सम्राटनं विचारलं.

"डोळं मिटून."

सम्राटनं झाकणाआड फासा टाकला. गोधडीवर त्याचा आवाज झाला नाही. दोन.

"चौदा," तो म्हणाला. "फरशी हलते, पण पाय सावरतो."

सहादेवनं मान हलवली. दालनाच्या टोकाला दगडी कट्टा होता आणि कट्ट्यावर हिरवा प्याला.

"पितो," तो म्हणाला.

"ए सह्या, येड लागलं का?" गहिनीनाथ म्हणाला. "ह्याच प्याल्यानं तुझा मागचा गडी गेला."

"पितो म्हनलं ना."

पुन्हा फासा. या वेळी सम्राटनं तो नीट पाहिलाही नाही.

"कडू लागतं," तो म्हणाला. "पण काही होत नाही."

सहादेवनं झाकणाकडं पाहिलं. झाकणावर सफरचंदाचं चित्र होतं, लालभडक. मग त्यानं आईला हाक मारली आणि तिघांना चहा टाकायला सांगितला. साखर जरा जास्त टाक, असंही म्हणाला. गोजरबाईनं पदराला हात पुसले आणि ती चुलीकडं गेली.

गहिनीनाथ उठू लागला. सहादेवनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"बस. तुला बी ठाऊक हाय."

गहिनीनाथ बसला.

सहादेवनं हात लांब केला आणि झाकणाच्या कडेवर एक बोट ठेवलं. तेवढ्यानंही ते आडवं झालं असतं. त्यानं ते पाडलं नाही. झाकणाआड सम्राटनं फाशावर तळवा दाबून धरला होता; फाशाची टोकं त्याला रुतत होती. आत चूल फुंकल्याचा आवाज आला. धूर पडवीपर्यंत आला.

"सम्र्या, माझ्याकडं बघ."

सम्राटनं पाहिलं.

"किती पडले?"

आत कपबशा काढल्याचा आवाज झाला.

"आई यायच्या आत सांग," सहादेव म्हणाला. "किती पडले?"